आईबाबांचा मुक्काम पाच वर्षांचा. दहाव्या वर्षी काय?

नागपुरात परदेशस्थ मुलांच्या आईवडलांचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटांनी जाते. एकजण म्हणतो, पोरं गेली तिकडे कमवायला, म्हातारी माणसं इथे दाराकडे डोळे लावून बसलीत. दुसरा म्हणतो, नेतात तरी कशाला ते ठाऊक आहे, नातवंडं सांभाळायला. तिसऱ्याचा सल्ला असतो, "कायले जाता बाप्पा त्या थंडीत?" वर्तमानपत्रात ज्येष्ठांच्या निर्वाह कायद्याची बातमी आली की या वादाला पुन्हा धार येते. तो कायदा २००७ चा. परदेशातल्या भारतीय नागरिकांनाही तो लागू आहे आणि निर्वाहाची कमाल रक्कम त्यात महिना १० हजार रुपये आहे. पण धरमपेठेत किंवा मनीषनगरात राहणाऱ्या, स्वतःचं पेन्शन असलेल्या जोडप्याचा प्रश्न दहा हजारांचा नसतोच. त्यांना मुलांबरोबर, नातवंडांबरोबर सलग काही महिने राहायचं असतं आणि त्यासाठी कायदेशीर परवाना लागतो.

इकडे ऑस्ट्रेलियात तीच माणसं दुसऱ्याच वादात सापडतात. इथल्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने, म्हणजे सरकारला आर्थिक धोरणांवर सल्ला देणाऱ्या संस्थेने, २०१६ च्या अहवालात हिशेब मांडला होता, की कायमस्वरूपी आलेल्या एका पालकामागे सरकारला आयुष्यभरात निव्वळ ३ लाख ३५ हजार ते ४ लाख १० हजार डॉलर खर्च येतो. तेव्हापासून पालकांच्या व्हिसाची कुठलीही चर्चा या आकड्यावर येऊन थांबते. आकडा खोटा नाही. पण तो मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, आणि इतर सवलती मिळणाऱ्या कायमच्या रहिवाशांचा आहे. स्वतःचा विमा काढून, कामाचा हक्क आणि सरकारी पेन्शन दोन्ही न मागता येणाऱ्या माणसाला तो लावणं चूक आहे.

माझं मत स्पष्ट आहे. नागपुरातल्या साठ ते पंच्याहत्तर वयाच्या बहुतेक आईवडलांना परदेशात स्थायिक व्हायचं नसतं. वर्षातले सहा-आठ महिने मुलांकडे काढावेत, महालक्ष्म्यांना किंवा दिवाळीला घरी परतावं, आपला डॉक्टर, आपली बँक, आपला गोतावळा सुटू नये, एवढी त्यांची इच्छा असते. या इच्छेला कायमच्या व्हिसापेक्षा जाऊन-येऊन राहण्याचा दीर्घ मुदतीचा तात्पुरता व्हिसा जास्त शोभतो. तो तब्येत धड असताना, लवकर घ्यावा. त्यात दोन मोठी भोकं आहेत, आजारपणाचा खर्च आणि दहाव्या वर्षी उभी राहणारी भिंत. ही दोन्ही बुजवण्यासाठी भांडायला हवं, आणि त्यातलं अर्धं भांडण दिल्लीशी आहे.

आधी ऑस्ट्रेलिया, कारण इथे फसगत सर्वात जास्त होते. कायमच्या पालक व्हिसाचे मुख्य दोन प्रकार आहेत. स्वस्तातला १०३ क्रमांकाचा. त्याची रांग ३० वर्षांच्या पुढे गेली आहे. दुसरा योगदानाचा १४३. त्यात माणशी ४३ हजार डॉलरच्या वर रक्कम भरावी लागते आणि तरी रांग १४-१५ वर्षांची. वर्षाला साधारण साडेआठ हजार जागा आणि ताटकळणारे अर्ज दीड लाखाच्या आसपास. त्यातही निम्मी किंवा त्याहून जास्त मुलं ऑस्ट्रेलियात असावी लागतात, नाहीतर इतर कुठल्याही एका देशापेक्षा इथे जास्त असावी लागतात. एक मुलगी मेलबर्नला आणि दोन मुलं नागपुरात, तर अर्ज तिथेच संपला. सत्तरीतल्या माणसाकडून तीस वर्षांच्या रांगेचे पैसे घेणं क्रूर आहे, असं २०२३ मध्ये सरकारनेच नेमलेल्या स्थलांतर आढावा समितीनेही सुचवलं. रांग मात्र चालूच आहे.

म्हणून २०१९ पासून सुरू झालेला ८७० क्रमांकाचा प्रायोजित पालक व्हिसा नीट समजून घ्यावा. तो ३ किंवा ५ वर्षांचा मिळतो, एकूण १० वर्षांपर्यंत. वर्षाला १५ हजार व्हिसांची मर्यादा. सुरुवातीला ३ वर्षांची फी ५ हजार डॉलर आणि ५ वर्षांची १० हजार होती; दर जुलैत वाढत ती आता पाच वर्षांसाठी १२ हजारांच्या घरात आहे. हे माणशी, म्हणजे दोघांचं दुप्पट. फी दोन हप्त्यांत घेतात, पहिला अर्जासोबत आणि दुसरा मंजुरीच्या आधी.

काम दोन टप्प्यांत चालतं. आधी मुलाने किंवा मुलीने प्रायोजक म्हणून मंजुरी घ्यायची. त्यासाठी नागरिकत्व किंवा कायमचं वास्तव्य हवं, इथे किमान ४ वर्षं काढलेली हवीत आणि मागच्या आर्थिक वर्षाचं करपात्र उत्पन्न ८३,४५४ डॉलर हवं. एकट्याचं भरत नसेल तर जोडीदाराचं मिळवता येतं. मंजुरी आली की आईवडलांनी सहा महिन्यांच्या आत आपला अर्ज भरायचा. बरेचजण प्रायोजकाचा अर्ज मंजूर झाला म्हणजे व्हिसा झाला असं समजून निवांत बसतात आणि मुदत घालवतात. मग पुन्हा फी, पुन्हा रांग.

यातली सर्वात नाजूक अट घराघरात अडते. एका कुटुंबाला एका वेळी दोनच पालक प्रायोजित करता येतात. म्हणजे आईबाबा पाच वर्षांच्या व्हिसावर आले, की तेवढा काळ सासू-सासऱ्यांना हा व्हिसा नाही. नागपूरकडचे आधी की अमरावतीकडचे, हा प्रश्न नवरा-बायकोने अर्ज भरण्याआधी बसून सोडवावा. मुलीच्या आईवडलांनी मागे राहायचं, हे गृहीत धरणं आपल्याकडे अजून सर्रास चालतं. मला ते पटत नाही. तोडगा आहे: ज्या जोडीची तब्येत नाजूक आणि जवळ दुसरं मूल नाही, त्यांना ८७०, दुसऱ्या जोडीला ६०० क्रमांकाचा पाहुण्यांचा व्हिसा. नागरिकांच्या आणि कायम रहिवाशांच्या आईवडलांना हा व्हिसा पुष्कळदा अनेक वर्षांचा मिळतो. अट एवढीच, की कुठल्याही १८ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहायचं नाही. सहा महिने इथे, सहा महिने नागपूर असं ज्यांना जमतं, त्यांनी बारा हजार डॉलर घालवायचं कारणच नाही.

कॅनडाचा सुपर व्हिसा मला या सगळ्यांत सर्वात शहाणा वाटतो. डिसेंबर २०११ मध्ये तो आला तेव्हा एका वेळी दोन वर्षं राहता यायचं. ४ जुलै २०२२ पासून पाच वर्षं, आणि तिथे असताना मुदत वाढवूनही मिळते. व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा, अनेकदा ये-जा करता येणारा, फी शंभर डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५. खरा खर्च विम्याचा: किमान एक लाख डॉलरचं संरक्षण, किमान एक वर्षासाठी. नुसतं कोटेशन चालत नाही. पैसे भरल्याचा, निदान पहिला हप्ता भरल्याचा पुरावा लागतो. मुलाचं उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या किमान रेषेवर हवं. या मोजणीत चूक होते. चौघांचं कुटुंब आणि येणारे दोन, म्हणजे सहा जणांची रेषा बघायची. पुरावा म्हणून कर खात्याचं मूल्यांकनपत्र जोडायचं. नुसत्या पगाराच्या स्लिपा कमी पडतात. आणि पासपोर्ट आधी तपासा. व्हिसाची मुदत पासपोर्टच्या पुढे जात नाही. बाबांच्या पासपोर्टची तीन वर्षं उरली असतील तर दहा वर्षांच्या फीत तीनच वर्षं पदरात पडतात. आधी नूतनीकरण, मग अर्ज. त्याच फेरीत आईच्या पासपोर्टवर बाबांचं नाव जोडीदार म्हणून चढवून घ्यावं.

न्यूझीलंडने सप्टेंबर २०२५ अखेरीस असाच पाच वर्षांचा पालक व्हिसा सुरू केला, एकदा पुन्हा मिळून एकूण दहा वर्षांचा. ब्रिटनचा दरवाजा २०१२ पासून जवळपास बंद आहे. अंघोळ, कपडे, जेवण यासाठी दीर्घकाळ दुसऱ्याचा हात लागतो आणि तो हात पैसे मोजूनही भारतात मिळत नाही, हे तिथे सिद्ध करावं लागतं. नागपुरात घरी येणाऱ्या आया आणि नर्स पुरवणारे ब्युरो आहेत, हे अर्ज तपासणाऱ्यालाही कळतं. जर्मनीने १ मार्च २०२४ नंतर पहिला कुशल कामगार परवाना मिळालेल्यांना आईवडील, सासू-सासरेही आणायची मुभा दिली आहे. पण पंचावन्न ओलांडलेल्या नवागताला सरकारी आरोग्य विमा सहसा मिळत नाही आणि खाजगी फार महाग पडतो. परवानगी हातात आणि विमा नाही, अशी कोंडी होते.

अमेरिकेची गोष्ट उलटी. तिथे २१ वर्षांवरच्या नागरिकाच्या आईवडलांना कायमच्या व्हिसाला संख्येची मर्यादाच नाही. पण ग्रीन कार्डवर असलेल्या मुलाला आईवडलांसाठी अर्ज करता येत नाही, आणि भारतात जन्मलेल्या इंजिनिअरला ग्रीन कार्डसाठीच वर्षानुवर्षं थांबावं लागतं. त्यानंतर नागरिकत्वाला पाच वर्षं. तोवर आईबाबा ऐंशीच्या जवळ पोचतात. मधली सगळी वर्षं दहा वर्षांच्या पर्यटक व्हिसावर, एका खेपेला सहा महिने. मुलाखतीत जे खरं आहे ते सांगावं आणि पूर्ण सांगावं: बाळंतपण कधी, राहणार किती, परतायचं कधी. इथे आणखी एक धोका. पालकांना ग्रीन कार्ड मिळालं आणि ते सवयीने आठ महिने नागपूर, चार महिने तिकडे असं राहू लागले, तर कायमचं वास्तव्य सोडल्याचा संशय येतो. सलग सहा महिन्यांवर बाहेर राहिलं की विमानतळावर प्रश्न सुरू होतात. वर्षाच्या वर जायचं तर आधी पुनर्प्रवेश परवाना लागतो. पासष्ट ओलांडलेल्यांना तिथलं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घेता येतं, पण सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर. जाऊन-येऊन राहणाऱ्याला ग्रीन कार्ड सोयीपेक्षा अडचणच जास्त देतं.

आता नागपुरातली कामं. अर्ज रखडतात ते बहुतेक नावांमुळे. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव "सौ. शोभा", पासपोर्टवर "शोभाबाई", आधारवर माहेरचं नाव पुढे आणि पॅनवर नवऱ्याचं नाव मध्ये. वडलांच्या नावामागे कुठे "राव" आहे, कुठे नाही. आपल्याला ती एकच बाई आणि एकच माणूस. परदेशातल्या अधिकाऱ्याला चार माणसं दिसतात. मुलाचा जन्म महानगरपालिका हद्दीतला असेल तर दाखला झोन कार्यालयातून नव्याने, मराठी-इंग्रजी दोन्हीत काढून घ्यावा. जन्म काटोल किंवा उमरेडकडच्या खेड्यातला आणि नोंदच नसेल, तर ग्रामपंचायतीचं अनुपलब्धता प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि जन्म माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं असा संच करावा. उशिरा नोंद करायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम आधी सुरू करावं. नावातला फरक लहान असेल तर "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र पुरतं. मोठा असेल तर राजपत्रात नावबदल जाहीर करणं सुटसुटीत. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद नसेल तरी आज करता येते, लग्नपत्रिका, फोटो आणि साक्षीदारांसह.

परत येणार याचा पुरावाही नागपुरातलाच. पेन्शनची कागदपत्रं, घराचा इंडेक्स-२, घरटॅक्सची पावती, शेती असेल तर सातबारा. बँकेची सहा महिन्यांची विवरणपत्रं लागतात, आणि इथे घोळ होतो. अर्जाच्या आठवडाभर आधी मुलाने दहा लाख पाठवून खातं फुगवलं की त्या रकमेचा उगम विचारला जातो. त्यापेक्षा मुदत ठेवींची जुनी प्रमाणपत्रं जास्त वजनदार.

बोटांचे ठसे द्यायला केंद्र मुंबई, पुणे की हैदराबाद, ते देशानुसार बघावं लागतं. वैद्यकीय तपासणीही नेहमीच्या रामदासपेठेतल्या डॉक्टरकडची चालत नाही. त्या त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरचीच लागते. दोन्ही कामं एकाच फेरीत बसवली तर वयस्कर माणसांचा एक रात्रीचा प्रवास वाचतो. तपासणीत छातीचा एक्स-रे असतो. कधीकाळी क्षयरोग होऊन बरा झालेला असेल, किंवा नुसता जुना डाग दिसला, तरी थुंकीचे तीन नमुने मागतात आणि त्यांचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढतात का ते बघायला, सहा ते आठ आठवडे लागतात. हा नकार नसतो, पण तिकीट आधी काढलं असेल तर ते वाया जातं. जुन्या उपचारांची फाइल आणि आधीचे एक्स-रे सोबत न्यावेत. लपवू नये.

विमा हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा, आणि तिथेच माणसं सर्वात कमी वाचतात. रक्तदाब आणि साखर आपल्याकडे घरोघरी, त्यामुळे आधीपासूनच्या आजाराचं कलम हेच खरं कलम. कॅनडातल्या बऱ्याच पॉलिसींमध्ये असा आजार धरतात, पण तो प्रवासाआधी ठरावीक दिवस, कुठे ९० तर कुठे १८०, स्थिर असला तर. स्थिर म्हणजे नवीन लक्षण नाही, नवीन तपासणी नाही आणि औषधाचा डोस बदललेला नाही. निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरने सहज म्हणून गोळी पाचाची दहा केली, की तिकडे छातीत दुखून दाखल झाल्यावर दावा फेटाळला जाऊ शकतो. म्हणून वार्षिक तपासणी आणि डोसचे बदल प्रवासाच्या सहा महिने आधी उरकावेत. तरी नंतर डोस बदलायची वेळ आलीच तर बदलावा. विमा कंपनीला कळवावं आणि प्रवास पुढे ढकलावा. विम्यासाठी औषध अडवून ठेवायचं नाही. ऑस्ट्रेलियात परदेशी पाहुण्यांच्या विम्यात आधीच्या आजाराला साधारण १२ महिने थांबावं लागतं. म्हणजे पहिलं वर्षच सर्वात धोक्याचं. अमेरिकेतल्या पाहुण्यांच्या पॉलिसीत जुन्या आजाराचा अचानक उठलेला झटका तेवढा धरतात, आणि सत्तरीनंतर त्याची मर्यादा फार खाली येते. पॉलिसीत पार्थिव मायदेशी नेण्याचा खर्च आहे ना, हेही विचारावं. विचारायला जड जातं, पण नंतर हजारो डॉलर उभे करण्यापेक्षा हे बरं.

औषधं तीन महिन्यांची न्यावीत, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून. आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत मिळतं. तिकडे बहुधा दोन वेगळ्या गोळ्या घ्याव्या लागतात. आपल्या डॉक्टरकडून हे वेगवेगळं प्रमाण आधीच लिहून घेतलं, की चौथ्या महिन्यात तिथला डॉक्टर अडखळत नाही.

कधी जायचं, हेही महत्त्वाचं. कॅनडा, अमेरिका, युरोपला जाणाऱ्यांचं सोपं आहे: एप्रिलमध्ये निघायचं, नागपूरचा पंचेचाळीस अंशांचा मे टाळायचा, दिवाळीला परत. ऑस्ट्रेलियाचं उलटं. नागपुरात मे तापतो तेव्हा मेलबर्नमध्ये दिवस आखूड व्हायला लागतात, पाऊस आणि बोचरं वारं. पहिल्याच खेपेला जूनमध्ये आलेले आईबाबा घरात कोंडले जातात आणि "आम्हाला नाही जमायचं" असं ठरवून मोकळे होतात. पहिली खेप सप्टेंबर-ऑक्टोबरची ठेवावी. एकटं बस धरून दुकानात, वाचनालयात जाता येणं हे पहिल्या महिन्यातच शिकवावं. ज्या घरात हे होत नाही, तिथे आईबाबा दिवसभर मुलांच्या गाडीची वाट बघत बसतात.

मागे राहिलेल्या घराची व्यवस्था हीसुद्धा व्हिसाइतकीच गंभीर बाब. कूलरची टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी करून ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि त्रास शेजाऱ्यांना होतो. वीज, पाणी, घरटॅक्स यांची बिलं ऑनलाइन भरता यावीत म्हणून जुना मोबाइल क्रमांक रोमिंगसह जिवंत ठेवा, कारण बँकेपासून आधारपर्यंत सगळे ओटीपी त्यावरच येतात. क्रमांक बंद पडला की परदेशात बसून तो परत मिळवणं महाकठीण. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबर विसरू नये. हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीने देता येतो, किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन अधिकाऱ्याच्या सहीने घेता येतो. तो चुकला की पेन्शन थांबतं आणि सुरू करायला पुन्हा चिठ्ठ्याचपाट्या. घराच्या व्यवहारासाठी कुलमुखत्यारपत्र परदेशात केलं, तर भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. हे माहीत नसल्याने चांगले दस्त कुचकामी ठरतात. कराचा दर्जा दरवर्षी सीएकडून तपासावा. भारतात १८२ दिवस भरले तर प्रश्नच नाही, आणि कमी भरले तरी पहिली काही वर्षं बहुतेकांचा निवासी दर्जा टिकतो. पण कॅनडात एका वर्षात १८३ दिवस झाले की तिकडेही कर-निवासी ठरण्याचा प्रश्न उभा राहतो.

नातवंडं सांभाळण्याच्या टोमण्यात तथ्य आहे, आणि ते नाकारून उपयोग नाही. दोघं नोकरीला, पाळणाघर महाग, मग आजी सकाळी सात ते संध्याकाळी सहा. आजीला नातू हवाच असतो. पण अकरा तासांची जबाबदारी, रस्ता अनोळखी, आजारी पडलं तर सांगायचं कोणाला, हे पासष्टीत झेपत नाही. मुलांनी तीन दिवस तरी पाळणाघर ठेवावं. बचत थोडी कमी होईल, पण आईची पाठ सांभाळली जाईल. आणि इथल्या सरकारांनीही प्रामाणिकपणे मोजावं. आजी-आजोबांमुळे पाळणाघरावरचं जे सरकारी अनुदान वाचतं, सुनेला किंवा मुलीला लवकर कामावर परतता येतं आणि ती कर भरते, ते त्या ३ लाख ३५ हजारांच्या हिशेबाशेजारी ठेवलं पाहिजे.

आता दहाव्या वर्षाची भिंत. ८७० व्हिसा एकूण दहा वर्षं. पहिला संपल्यावर दुसरा घेण्याआधी सलग ९० दिवस ऑस्ट्रेलियाबाहेर राहावं लागतं. न्यूझीलंडचीही कमाल दहा. सहासष्टाव्या वर्षी आलेला माणूस शहात्तरीत परत जातो, म्हणजे आधाराची गरज जेव्हा सर्वात जास्त तेव्हाच. आणि या दहा वर्षांत नागपूरचं घर "कोण बघणार" म्हणून विकलेलं असतं, ओळखीचा डॉक्टर निवृत्त झालेला असतो, भारतातली आरोग्य पॉलिसी हप्ता चुकून बंद पडलेली असते. शहात्तरीत नवी पॉलिसी मिळणं अवघड, मिळाली तर जुन्या आजारांना पुन्हा प्रतीक्षा. म्हणून तात्पुरत्या व्हिसावर असेपर्यंत घर विकू नये, भारतातला आरोग्य विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नये, आणि आठव्या वर्षापासून परतीची तयारी सुरू करावी. लिफ्ट असलेल्या इमारतीत लहान फ्लॅट, घराजवळचं रुग्णालय, मदतनीस बाई, आणि वर्षातले निदान चार महिने तिथे राहणं. भावंडांपैकी कोण कोणत्या महिन्यात नागपुरात येऊन राहणार, हेही तेव्हाच कागदावर लिहावं.

पण हा झाला घरगुती उपाय. अटी बदलायला हव्यात. ऑस्ट्रेलियाचे ११ देशांशी परस्पर आरोग्यसेवेचे करार आहेत. ब्रिटन, इटली, नेदरलँड्स, माल्टा अशा देशांतून आलेल्या पाहुण्या आईवडलांना इथे तातडीचे उपचार मेडिकेअरमध्ये मिळतात. भारत त्या यादीत नाही. भारताने ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार केला, २०२३ मध्ये स्थलांतर आणि ये-जा यांविषयीचा करार केला, २०२५ मध्ये ब्रिटनशी मोठा करार करून नोकरदारांचा दुहेरी सामाजिक सुरक्षा हप्ता वाचवायचं ठरवलं. विद्यार्थी, इंजिनिअर, कंपन्या यांच्यासाठी वाटाघाटी झाल्या, आईवडलांच्या आजारपणासाठी मात्र नाही. पूर्ण फुकट सेवेची मागणी आज मान्य होणार नाही, हे मला समजतं. पण आईवडलांना ठरावीक वार्षिक रक्कम भरून सरकारी आरोग्यसेवेत सामील होता यावं, पहिल्या दिवसापासून जुन्या आजारासह, ही मागणी रास्त आहे. आणि ज्यांनी दहा वर्षं एकही अट मोडली नाही, सरकारी रुग्णालयाची एकही थकबाकी ठेवली नाही, त्यांना पंचाहत्तरीनंतर दर दोन वर्षांनी मुदतवाढ मिळावी. कॅनडाने दहा वर्षांनंतर पुन्हा अर्ज करायला बंदी घातलेली नाही आणि त्यांची आरोग्यव्यवस्था त्याने कोसळलेली नाही.

ही मागणी मेलबर्न आणि टोरंटोतल्या संघटनांनी केली तर ती स्थलांतरितांची कुरकुर ठरते. ती नागपूरहून, ज्येष्ठ नागरिक मंडळांच्या आणि निवृत्त कर्मचारी संघटनांच्या लेटरहेडवर, खासदारांमार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडे गेली पाहिजे. निवेदन दोन पानांचं पुरे: परस्पर आरोग्य करार, पैसे भरून सहभाग, पंचाहत्तरीनंतरची मुदतवाढ. ऑस्ट्रेलियाशी व्यापाराची पुढची बोलणी चालू आहेत. निवेदन त्याआधी टेबलावर असायला हवं.